विजोड कोंगो

"तो लाल घेऊ नका."

आवाज हार्मोनियमच्या पेट्यांमागून आला. रंजितानं लाल कोंगोवरचा हात काढला नाही. तिला कुणी 'नको' म्हटलं की हात होता तिथंच राहायचा. तिच्या मते हा स्वभाव होता, घरच्यांच्या मते आजार.

"का? लाल अशुभ असतो?"

"रंग चांगलाय. म्हणजे... रंगच चांगलाय."

पेट्यांमागून एक उंच, सावळा तरुण उठला. गुडघ्यांवर धूळ, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर आपण उगाच बोललो असा भाव. पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या दुकानात एप्रिलमधली दुपार कोंडली होती. पॉलिशचा, चामड्याचा आणि गल्ल्यावरच्या शाहीदभाईंच्या अत्तराचा वास पंखा इमानदारीत फिरवत होता.

"दीपेश, बेटा," शाहीदभाई म्हणाले, "तू माझा गिऱ्हाईक आहेस का दुश्मन?"

"गिऱ्हाईक, चाचा. म्हणून तर खरं बोलतो." तो रंजिताकडे वळला. "तुमच्या मोबाइलचा टॉर्च लावता?"

तिनं लावला. त्यानं कोंगो कलता करून मोबाइल खालून आत सरकवला आणि कोंगो पुन्हा सरळ ठेवला. "आता बाहेरून बघा."

एका बाजूनं ती वाकली, दुसऱ्या बाजूनं तो. लाल चकचकीत फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेघा बाहेर आल्या होत्या — एक, दोन, तीन...

"तुमच्या नाकावर आलीय," तो म्हणाला.

"काय?"

"फट. म्हणजे... उजेड."

रंजिता हसली नाही. न हसण्यासाठी तिला बरेच कष्ट पडले, ते त्याला दिसले.

"तुम्ही इथं कामाला आहात?"

"नाही. न्हावा शेव्याला. यार्डात कंटेनर उचलतो. इथं पान बदलायला आलोय. ढोलकीचं." त्यानं कोंगोच्या कातड्यावर अंगठा दाबून दाखवला. "हे बघा, पान बदलता येतं. नट बदलता येतात. खोड बदलता येत नाही. पैसे लाकडाला द्यायचे, रंगाला नाही. बजेट किती?"

"अठरा हजार."

"जोडीचे?"

"नाही, फक्त नटांचे," ती म्हणाली. "जोडीचेच. स्टँडसकट."

हे अठरा हजार मूळचे मेकअपवालीचे होते. थोरली बहीण मनिषाची हळद तीन आठवड्यांवर आली होती, आणि घरातल्या नऊ मुलींनी एकसारखी पिवळी साडी, एकसारखा अंबाडा आणि एकसारखा चेहरा करून घेण्याचं पॅकेज ठरवलं होतं. रंजितानं त्यातून नाव काढलं आणि वाचलेल्या पैशांत बोनस मिळवला. कस्टमच्या कागदपत्रांच्या तिच्या ऑफिसात बोनस म्हणजे साहेबांचं स्मितहास्य अधिक थोडी रक्कम.

"हळदीला वाजवणार?" दीपेशनं विचारलं. "तुम्ही?"

"का? हात दोन लागतात ना? मोजून घ्या."

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या खाडीकाठच्या गावात एकच बेंजो पार्टी, काळूकाकाची. गावची प्रत्येक हळद तीच वाजवते. रंजिता पाण्याच्या निळ्या पिंपावर शिकली होती, गच्चीवर, चार वर्षं. एक दिवस तिनं काळूकाकाकडं कोंगोवर बसायला मागितलं. काळूकाका म्हणाला, आमचे वाद्यांची दसऱ्याला पूजा होते, त्यांना बाईचा हात लागत नाय. सोताचा कोंगो आन, मंग बघू.

"तो 'मंग बघू' असं म्हणाला, कारण आणणार नाही याची त्याला खात्री होती," रंजिता म्हणाली. "मी ते वचन धरलंय."

दीपेश हळूच म्हणाला, "त्या पार्टीत कोंगोवर कोण असतं?"

"असतो कुणीतरी. सगळे काळे गॉगल घालून असतात, चेहरा कुणाचा दिसतोय? हात बरा आहे त्याचा. पण मान फार हलवतो. कुणीतरी सांगायला हवं, मानेतून आवाज येत नाही म्हणून."

शाहीदभाईंना अचानक खोकला आला.

"सांगितलंत की," दीपेश म्हणाला. "आत्ताच."

रंजिताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण तिनं मान खाली घातली नाही. खाली घातली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"बरं झालं मग," ती म्हणाली. "आता तुम्हालाही कळलं. तुमच्या जागेवर बसायला येतेय मी."

"बसा ना." तो लाल कोंगो जागेवर ढकलत म्हणाला. "पण चांगला कोंगो घेऊन बसा. खराब कोंगोवर हरलात तर गाव म्हणेल, बाई होती म्हणून हरली. चांगल्यावर हरलात तर निदान तुम्ही हराल."

"आणि जिंकले तर?"

"तर मी मान हलवायची सोडीन."

पुढच्या दोन शनिवारी दोघं कोंगो शोधत पनवेलभर फिरली. खांदा कॉलनीत एका साहेबांनी टाळेबंदीत छंद म्हणून नवी जोडी घेतली होती. छंद पंधरा दिवसांत बरा झाला होता. आता दोन्ही कोंगोंवर मनीप्लँट उभे होते आणि पाणी झिरपून लाकूड पावासारखं फुगलं होतं. साहेबांनी किंमत पूर्ण सांगितली. वहिनी म्हणाल्या, कुंड्यांसकट न्या, वर चहाही पाजते.

"चहा घेऊ," जिना उतरताना दीपेश म्हणाला, "एवढंच काय ते बजेटात बसतंय."

"तुम्ही कशाला येता दर वेळी?"

"खराब कोंगो कुणी घेतला की मला झोप लागत नाही."

"पनवेलात दर आठवड्याला कुणीतरी घेत असेल."

"हो ना. पण बाकीचे..." तो थांबला. "बाकीच्यांनी नाकावर उजेड पाडून घेतला नव्हता."

त्या दिवसापासून 'तुम्ही' कुठं सांडला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

अखेर शाहीदभाईंनाच दया आली. त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक कोंगो उतरवला. त्यांचा भाऊ अली दुबईत एका हॉटेलात कामाला होता. तिथला बँड मोडला तेव्हा त्यानं जोडी घेतली, येताना एक फुटला, दुसरा धडधाकट पोचला. रंग उडालेला, कडेला पोचा. दीपेशनं आत टॉर्च टाकला. बाहेरून मिट्ट काळोख. एक रेघ नाही.

"खोड बघ," तो कुजबुजला. "अगं, खोड बघ..."

एखादा मुलगा 'डोळे बघ' म्हणतो, त्या सुरात तो हे म्हणाला. रंजितानं नोंद घेतली.

"पण एकच आहे," ती म्हणाली.

"बेटी, एकटा म्हणूनच दहा हजारांत देतोय," शाहीदभाई म्हणाले. "याचा जोडीदार अल्लाकडे गेला."

दुसरा कोंगो आपटा गावात होता. तिथं तुळशीराम नावाचे म्हातारे वादक राहायचे. दीपेशला पहिला ठेका त्यांनी शिकवला होता. सूर जुळतो का ते पाहायचं तर पहिला कोंगो सोबत न्यायला हवा. तो मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसला, आणि आपट्यापर्यंतचा प्रवास अत्यंत सभ्य झाला.

पाताळगंगेच्या काठावरच्या ओट्यावर तुळशीरामबाबांनी आपला कोंगो आणून ठेवला. फणसाचं लाकूड, हाताला लोण्यासारखं.

"याची जोडी कुठंय, बाबा?"

"भिंतीपल्याड. भावाकडं." बाबांनी हनुवटीनं भिंत दाखवली. "वाटणी झाली तवा घर अर्धं-अर्धं, वाडी अर्धी-अर्धी. मंग कोंगो र्‍हायलं. पंच म्हनले, दोन हायत, दोगांना एकेक. कागदावर सही हाय माजी."

"मग वाजवता कसे?"

"वाजवत कोन नाय. बारा वरसं झाली. पन वाटनी एकदम बरोबर झाली."

बाबांनी तिला वाजवायला सांगितलं. रंजितानं दोन्ही कोंगो गुडघ्यांशी घेतले. एक दुबईचा, एक आपट्याचा. एक उंच, एक बुटका. एकाचा रंग उडालेला, दुसऱ्याला रंग कधी नव्हताच. तिनं पार्टीतला उडता ठेका धरला नाही. तिनं धवल्याची चाल धरली, लग्नात तिची भामाआत्या गाते ती, संथ, खाडीच्या भरतीसारखी हळूहळू चढत जाणारी. भामाआत्या धवलारीण होती. भटजी यायच्या आधीपासून त्यांच्या समाजात लग्नं बायकांनीच गाऊन लावली होती, आणि आत्यानं पंचवीस वर्षांत निम्मा तालुका लग्नाला लावला होता.

ती थांबली तेव्हा नदीकाठावर वाळत घातलेली एक चादर तेवढी हलत होती.

"सात दे," तुळशीरामबाबा म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी पाठ फिरवली. "आन भावाला ऐकू जाईल येवढ्या जोरान वाजवत जा."

उरलेल्या हजारात एक जुना स्टँड आला आणि बजेट संपलं. परतताना दोन्ही कोंगो बाबांच्या ओळखीच्या टेम्पोनं पुढे गेले. मोटारसायकलवर मध्ये काहीच उरलं नाही. रंजितानं काही वेळ मागची लोखंडी कडी धरली. मग रसायनीच्या वळणावर एक खड्डा आला, आणि तिनं दीपेशचा खांदा धरला. खड्डा गेला. हात गेला नाही.

"पुढे रस्ता चांगलाय," दीपेश म्हणाला.

"मग?"

"काही नाही... माहिती दिली."

हळदीआधीच्या रविवारी काळूकाका सुपारी घ्यायला आला. सुपारी म्हणजे ताटात नारळ, विड्याचं पान, सुपारी आणि पाकिटात आगाऊ रक्कम. ती यजमानानं द्यायची, पार्टीवाल्यानं कपाळाला लावून घ्यायची, आणि मग मोडायची नाही. ज्याच्या हातची सुपारी, त्याच्या शब्दावर पार्टी वाजणार, हा त्या गावांतला दंडक होता.

रंजिताचे वडील काशीराम मागच्या अंगणात मांडववाल्याशी भांडत होते. काळूकाकाला अजून तीन गावं करायची होती. सोबत दीपेश होता, बॅग धरून, रंजिताकडे न बघण्याचा सराव करत.

"काशीराम कवा येल? चल, तूच दे लवकर," काळूकाका म्हणाला.

रंजितानं ताट पुढे केलं. काळूकाकानं नारळ उचलला, सुपारी कपाळाला लावली, पाकीट खिशात टाकलं.

कोपऱ्यात भामाआत्या सुकट निवडत बसली होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "काळू, सुपारी कोनाचे हातची घेतलीस रं?"

"कोनाचे म्हंजे? हिचे..."

काळूकाका थांबला. दारात एक मुलगी ताट घेऊन उभी होती, आणि दारातल्या मुलीला माणसांत मोजायची सवय नसल्यानं त्यानं तिच्याकडून घेऊन टाकलं होतं. ताट मोजलं, पाकीट मोजलं, हात मोजायचा राहिला.

"तर मंग या हळदीची यजमान रंजिता," आत्या म्हणाली. "सांग गो बाय, काय शब्द हाय तुझा?"

रंजिताचा शब्द चार वर्षं तयार होता. "कोंगोवर मी बसणार. माझे कोंगो आहेत. तुमच्या पूजेतल्याला हात लावणार नाही."

"बायका कोंगो वाजवत नाय!"

"लग्न लावते ती बाई चालते," भामाआत्या म्हणाली. "त्याच लगनात वाजवते ती चालत नाय? मंग पुढची लगना तूच लाव, काळू. गल्यात सूर हाय का तुझे?"

काळूकाकानं सुपारीकडे पाहिलं. कपाळाला लावलेली सुपारी परत ताटात ठेवणारा पार्टीवाला उरणपर्यंत कुठं तोंड दाखवू शकला नसता. त्यानं जबडा आवळला.

"बस. पन दीपेश बाजूला बसून वाजवनार नाय, मदतीला कोन नाय. ठेका मोडला, नाय तर कोंगो बेसूर झाला, की तू उठायचं आनि दीपेश बसल. सगल्या गावासमोर. परत कवा नाव काडायचं नाय. कबूल?"

"कबूल."

बाहेर पडताना दीपेश चप्पल घालायला जरा जास्त वेळ वाकला. "वेडी आहेस," तो पुटपुटला.

"घाबरलास?"

"मी? तुझ्याशी हरायला मी कधीपासून तयार आहे..."

काळूकाकानं हॉर्न वाजवला.

हळदीच्या दिवशी उन्हं उतरतानाच मांडव भरला. चारशे माणसं, एकसारख्या चेहऱ्याच्या आठ मुली, आणि एक रंजिता, साध्या पिवळ्या सुती साडीत, पदर कमरेला खोचून, स्वतःच्या चेहऱ्यासकट. दोन विजोड कोंगो पाहून पोरं हसली. कुणी म्हणालं, एक कोंगो दुसऱ्याची आई दिसतो. काळूकाका बेंजोवर बसला, गॉगल लावून. दीपेश समोरच्या खुर्चीत बसला होता, पार्टीच्या टी-शर्टात, राखीव खेळाडूसारखा.

पहिलं गाणं सुरू झालं आणि हसणं बंद झालं. दुसऱ्या गाण्याला म्हाताऱ्या उठल्या. तिसऱ्याला नवरीही उठली, मग तिला कुणी बसवू शकलं नाही. रंजिता वाजवत होती आणि नाचणाऱ्यांच्या पायांना कोंगोवर बाई आहे की बुवा, याची काही पडलेली नव्हती.

चौथ्या गाण्यात खाडीवरून वारा आला. दमट, खारट, अंगाला चिकटणारा. आपट्याच्या कोंगोचं पान जुन्या पद्धतीचं, म्हशीचं. ते वारा प्यायलं. रंजिताला हाताखाली आधी कळलं — आवाज एक पायरी खाली उतरला होता. मग अजून अर्धी... काळूकाकाचा गॉगल तिच्याकडे वळला. त्यानं बोट उचलून दीपेशला खूण केली. तयार राहा.

दीपेश उठला.

रंजितानं त्याला येताना पाहिलं. त्याच्या अंगावर पार्टीचा टी-शर्ट होता. तिला वाटलं, हा आता म्हणणार, ऊठ. तिचे हात थांबले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा तिला भयंकर राग आला.

तो तिच्या शेजारी आला, आणि खाली बसला. चारशे माणसांसमोर, मांडवातल्या मातीत, मांडी घालून, तिच्या पायाशी. खिशातून पाना काढला आणि आपट्याच्या कोंगोचा पहिला नट धरला.

"दीपेश!" काळूकाका बेंजो वाजवता वाजवता ओरडला. "मदत करायची नाय, सांगितलाय ना?"

"तिला करतच नाही, काका! तिला लागतच नाही!" दीपेश नट फिरवत ओरडला. "मी कोंगोला करतोय!"

"उद्यापासून पार्टीत येऊ नको!"

"बरं!"

रंजितानं सगळा ठेका दुबईच्या कोंगोवर घेतला. एका कोंगोवर, दोन्ही हातांनी, दुप्पट लयीत. नाचणाऱ्यांना वाटलं हा खास प्रकार आहे. शिट्ट्या पडल्या.

"टकटक कर," दीपेश खालून म्हणाला.

तिनं मध्येच एका बोटानं आपट्याच्या कोंगोवर टकटक केलं.

"अजून अर्धा फेरा..."

"नोकरी गेली तुझी!" रंजिता वाजवता वाजवता म्हणाली.

"ही हौस होती. नोकरी यार्डात आहे." त्यानं पुढचा नट धरला. त्याचा घाम मातीत पडत होता. "टकटक."

टक. टक.

"लागला सूर," तो म्हणाला. पण उठला नाही. पाना हातात धरून वर बघत राहिला. आणि मग काहीतरी बोलला.

"काय?" रंजिता ओरडली. आता तिचे दोन्ही हात दोन्ही कोंगोंवर होते.

"म्हटलं... तू..."

"ऐकू नाही येत!"

"नंतर सांगतो!"

"नंतर नाही! आत्ता!"

बेंजो पार्टीत कोंगो थांबला की सगळे थांबतात. गाण्यात मध्ये अशी एक जागा घ्यायची, सगळी वाद्यं एकदम गप्प, नाचणाऱ्यांचे हात हवेत, आणि मग पुन्हा एकदम सुरू. ती जागा कधी घ्यायची हे फक्त कोंगोवाल्यानं ठरवायचं. रंजितानं मान वळवून कीबोर्डवाल्याला आणि काळूकाकाला खूण केली. काळूकाकाची बोटं, तीस वर्षांच्या सवयीनं, त्याला न विचारता तिच्यामागून गेली.

तिनं दोन्ही तळवे पानांवर दाबले.

सगळा मांडव गप्प झाला, आणि त्या शांततेत दीपेशचा आवाज खाडीपर्यंत गेला —

"आवडतेस तू मला!"

चारशे माणसांनी ऐकलं. काशीरामनी ऐकलं, हातात गुलाबदाणी तशीच. भामाआत्यानं ऐकलं. बेंजोवर एक बोट ठेवून काळूकाकानं ऐकलं, आणि त्याला सुरू करता येईना, कारण इशारा यायचा होता कोंगोवरून.

दीपेश मातीत बसला होता, हळदीइतका पिवळा पडून.

रंजितानं एकेकाकडे सावकाश पाहिलं. वडिलांकडे, आठ मुलींकडे, काळूकाकाच्या गॉगलकडे. कुणाला काही म्हणायचं असेल, तर तिनं तेवढा वेळ दिला. मग ती दीपेशकडे वळली आणि चारशे माणसांना ऐकू जाईल अशा, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मला पण. आता बाजूला हो, वाजवायचंय."

आणि तिनं दोन्ही हात वर नेऊन खाली आणले.